खोगिराआधीचे सहा महिने: बुजऱ्या बछेरीची जमिनीवरची तयारी

शेवंती आमच्याकडे कोजागिरीच्या आदल्या दिवशी आली. तीन वर्षांची काठेवाडी बछेरी, अंग पिवळट बदामी, कण्यावरून काळसर रेघ गेलेली आणि कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकणारी. सौराष्ट्रातून टेम्पोत उभी राहून ती वडोदऱ्याजवळ पादरा रस्त्यावरच्या आमच्या शेतावर उतरली, तेव्हा कोणी नुसता हात वर केला तरी भिंतीला चिकटत होती आणि पाण्याची बादली जमिनीला टेकल्याच्या आवाजाने अंग चोरत होती. तिच्या पाठीवर पहिल्यांदा माणूस बसला तो पुढच्या मार्चमध्ये. मधल्या सहा महिन्यांत जमिनीवर उभे राहून जे केले, ते ज्यांच्याकडे असेच बुजरे जनावर आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे.

या सगळ्या कामाचा हेतू एकच आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, आणि भीती वाटली की आधी पळायचे व नंतर वळून पाहायचे हा त्याचा जन्मजात क्रम आहे. भीती वाटली की थांबायचे आणि माणसाकडे पाहायचे, एवढी एक सवय स्वारीआधी त्याच्या अंगात मुरवायची असते. पुढे येणारी म्होरकी (तोंडावर चढवायची पट्ट्यांची जोडणी), बागडोर (तिला लावून हातात धरायची दोरी), कावा (दोरीवर वर्तुळात फिरवणे), खोगीर ही सारी त्या एका सवयीची वेगवेगळी निमित्ते आहेत.

वय, शरीर आणि जागा

घोड्याच्या हाडांची वाढ खुराकडून वर पूर्ण होत जाते. खुराजवळच्या हाडांची वाढ पहिल्या वर्षातच आटोपते, पुढच्या गुडघ्याच्या वरच्या हाडाची साधारण अडीच वर्षांच्या सुमारास, पण पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालूच असते. म्हणून तीन वर्षांचे जनावर उंचीने पूर्ण दिसले तरी त्याची पाठ अजून कोवळी असते, आणि हेच वय जमिनीवरच्या शिक्षणासाठी सर्वांत चांगले असते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा असा सर्वसाधारण दंडक आहे. कोवळ्या पाठीसाठी मी तो याहूनही बराच कमी धरते.

शिकवणीला हात घालण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. अडीच, साडेतीन आणि साडेचार या वयांच्या आसपास घोड्याचे पुढचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, आणि वरच्या दाढांच्या पुढे कधीकधी एक छोटा निरुपयोगी दात असतो, ज्यावर लगामाची कडी आपटली की कळ मस्तकात जाते. अशा दुखण्याला आपण हट्ट समजतो आणि जनावराला उगाच शिक्षा करतो. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण घोडा या रोगाला फार सहज बळी पडतो. नवे जनावर आणताना ग्लँडर्सची रक्ततपासणी करणे टाळू नये. हा रोग माणसालाही होतो आणि तो आढळल्यास सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

खाण्याचा स्वभावाशी संबंध आहे, हे आमच्या घरात उशिरा समजले. घोड्याच्या पोटात आम्ल सतत स्रवत असते, पोट रिकामे असो वा भरलेले. सकाळची चंदी देऊन दुपारपर्यंत गव्हाणी मोकळी ठेवली, तर पोटात जखमा होऊ शकतात, आणि मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळताना जनावर दात दाखवते. दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के इतकी कोरडी वैरण मिळाली पाहिजे. शेवंतीचे वजन साधारण 340 किलो, म्हणजे पाच ते सात किलो, तीही चार-पाच वेळांत विभागून. शिकवणीआधी अर्धा तास थोडी वैरण खाऊ घालावी म्हणजे हालचालीत आम्ल पोटाच्या वरच्या नाजूक भागावर उडत नाही. ताकद यावी म्हणून हरभऱ्याचा तोबरा भरण्याची आपल्याकडे हौस असते. बुजऱ्या आणि अजून कामाला न लागलेल्या जनावराला मी हरभरा जवळजवळ देत नाही, त्याऐवजी थोडा रजको (लसूणघास) आणि जास्त सुके गवत देते.

जागेच्या बाबतीत, सुमारे 20 मीटर रुंदीचे, माणसाच्या छातीपेक्षा उंच कुंपणाचे एक मैदान पुरते. आमच्याकडची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून त्या जागेवर वाळू पसरून घेतली. साहित्य थोडेच लागते: नीट बसणारी म्होरकी, साधारण चार मीटरची जाड सुती बागडोर, कावा देण्यासाठी आठ मीटरची दोरी, एक लांब काठी, हातमोजे, बंद बूट आणि शिरस्त्राण. जमिनीवर काम करतानाही शिरस्त्राण घालावे. दोरी हाताला गुंडाळून कधीही धरू नये. ती घडी घालून मुठीत धरावी, कारण घोडा उधळला की गुंडाळलेली दोरी बोटे घेऊन जाते.

घोडा काय सांगतो आहे

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते, फक्त कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागचा भाग त्याला दिसत नाही. म्हणून समोरून कपाळावर हात नेणे आणि मागून मुकाट्याने येणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीने हल्ल्यासारख्या असतात. खांद्याच्या दिशेने, तिरके, थोडे बोलत जावे.

कान, नाकपुड्या, शेपूट आणि जबडा या चार जागा पाहायला शिकावे. काठेवाडी घोड्याच्या आत वळलेल्या कानांमुळे नवख्या माणसाची फसगत होते. कान कायमच टवकारलेले वाटतात, म्हणून टोकांपेक्षा कानाचे मूळ कुठे वळले आहे ते पाहावे. ताणलेल्या नाकपुड्या, आवळलेला खालचा ओठ, पुठ्ठ्यात (मागच्या मांसल भागात) दाबलेली शेपूट, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे आणि पुन्हा पुन्हा पातळ लीद टाकणे ही भीतीची लक्षणे आहेत. जीभ फिरवणे आणि रिकामे चघळणे याला पुष्कळ जण ‘घोड्याने मान्य केले’ असे म्हणतात. मला तो अर्थ ओढूनताणून लावलेला वाटतो. एवढेच खरे की घशाला पडलेली कोरड आता सुटते आहे, म्हणजे क्षणापूर्वी जनावर ताणाखाली होते. अशा वेळी पुढचे काही न मागता थांबावे.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे गोठून उभे राहणे. बुजरे जनावर कधीकधी पळण्याचा मार्ग बंद झाला असे समजून दगडासारखे उभे राहते, अंगावर काहीही टाकले तरी हलत नाही, आणि बघणाऱ्याला वाटते की ते शहाणे झाले. त्याची मान कडक असते, पापणी लवत नाही, श्वास वरवर चालतो. आत साठलेली ही भीती पुढे एकदम फुटते, बहुधा पाठीवर माणूस असताना. शांत उभा असलेला घोडा मान खाली सोडतो, एक मागचा पाय ढिला करतो, माशी बसली की कातडी थरथरवतो. हा फरक ओळखता येईपर्यंत पुढे जाऊ नये. शंका असेल तर जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी नाडी मोजावी. मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. दहा मिनिटे नुसते उभे राहूनही ते 60 च्या वर राहिले, तर त्या दिवशी मी शिकवत नाही, फक्त खरारा करते.

पहिले दोन आठवडे: काही न मागणे

पहिल्या दिवसापासून कामाला लावण्याची घाई बहुतेक जण करतात. मी शेवंतीच्या ठाणात उलट्या बादलीवर बसून रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचत असे. तिच्याकडे पाठ किंवा खांदा, नजर कागदावर. पाचव्या दिवशी तिने माझ्या केसांचा वास घेतला. त्यानंतर जवळ जाण्याचा धडा सुरू केला, आणि त्याचे गमक जवळ जाण्यापेक्षा मागे फिरण्यात आहे. घोड्याच्या दिशेने सावकाश चालावे; त्याने मान वर केली किंवा वजन मागच्या पायांवर घेतले की तिथेच थांबावे; त्याने मान किंचित सैल केली किंवा एक कान आपल्याकडे वळवला की वळून चार पावले दूर जावे. आपण गेल्यामुळे दडपण सुटते, आणि शांत राहिल्याने दडपण सुटते हे जनावराच्या ध्यानात येते. तो पळाल्यावर आपण मागे झालो, तर पळण्याने माणूस दूर जातो हाच धडा त्याने घेतलेला असतो, आणि तो एका दिवसात पक्का होतो.

हात पहिल्यांदा लावावा तो आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि माणसाने तिथे खाजवले तरी हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेले आहे. थोपटण्यापेक्षा खाजवणे चांगले. मानेवर पडणाऱ्या जोरदार थापा आपल्याला शाबासकी वाटतात, घोड्याला मात्र त्या नुसत्या थापाच असतात.

या दोन आठवड्यांच्या शेवटी दिवाळी आली. फटाक्यांच्या काळात कोणताही धडा घेऊ नये. शेवंतीला आतल्या ठाणात, शेजारी म्हातारी शांत घोडी बांधून, रात्रभर पुरेल इतके गवत घालून ठेवले, आणि आमचे साईस (घोड्यांची देखभाल करणारे) चाचा तिथेच खाट टाकून झोपले. घाबरलेल्या घोड्याला एकटे ठेवण्याइतके नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही, आणि शांत जोडीदार पाहूनच तो निम्मे शिकतो.

म्होरकी आणि बागडोर

माझ्या मते सारा पाया इथे आहे, म्हणून या भागाला मी पूर्ण महिना दिला. म्होरकी डोक्यावरून एकदम न ओढता आधी दोरीचा सैल वेढा मानेभोवती घ्यावा, मग नाकाची पट्टी पुढे धरून घोड्याने स्वतः नाक आत घालण्याची वाट पाहावी. त्यानंतर बागडोर लावून पहिला प्रश्न विचारायचा: दोरीचा हलका ताण आला तर तू काय करशील?

बागडोर हळूहळू ताणावी, इतकीच की ती सरळ व्हावी, आणि तो ताण न वाढवता न घटवता धरून ठेवावा. घोडा आधी मान वर करेल, मागे रेलेल, बाजूला बघेल. त्यावर ओढाताण करू नये, हिसका तर मुळीच देऊ नये. कधीतरी तो दोरीच्या दिशेने नुसते वजन झुकवेल, पाऊल उचलण्याचा विचार करेल, आणि त्याच क्षणी दोरी पूर्ण सैल सोडावी. उशीर एका सेकंदापेक्षा जास्त झाला तर आपण नेमके कशाबद्दल सोडले हे त्याला जोडता येत नाही. ओढणे कोणालाही जमते. वेळेवर सोडणे शिकायला मला स्वतःला काही वर्षे लागली. चाचा मला दोरीचे दुसरे टोक स्वतःच्या हातात धरून, डोळे मिटून सराव करायला लावत. ते बोटभर पुढे आले की मी सोडायचे. हा खेळ घरातल्या कोणाबरोबरही करून पाहावा. घोड्याचे कष्ट वाचतात.

हेच तत्त्व चारही दिशांना लावायचे. पुढे येणे जमले की मागे सरकणे: नाकाच्या पट्टीवर हलका दाब, एक पाऊल मागे, लगेच सुटका. मग पुठ्ठा बाजूला नेणे: तंग जिथे येईल त्याच्या थोडे मागे बोटांनी दाबावे, मागचा आतला पाय दुसऱ्या पायापुढून ओलांडून गेला की हात काढून घ्यावा. हा धडा सर्वांत मोलाचा आहे, कारण उधळण्यासाठी घोड्याला मागच्या दोन्ही पायांची ताकद सरळ रेषेत लावावी लागते. ते पाय एकमेकांना ओलांडले की ती ताकद मोडते आणि जनावर वळून माणसाकडे तोंड करते. सुरुवातीला जी सवय सांगितली ती प्रत्यक्षात अशी घडते. प्रत्येक गोष्ट डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे शिकवावी. डाव्या डोळ्याने पाहून पचवलेली वस्तू उजव्या बाजूने आली की बहुतेक घोडे पुन्हा दचकतात.

एक वेळ दहा ते पंधरा मिनिटांपेक्षा मोठी नसावी, आणि जमलेल्या गोष्टीवर ती थांबवावी. मला मोह होई, तेव्हा चाचा कुंपणापलीकडून म्हणत, “ताई, आज एवढंच. उद्या तिला आठवू द्या.” दुसऱ्या दिवशी बहुधा तिला खरोखरच आठवलेले असे.

बांधून ठेवण्याबद्दल वेगळे सांगायला हवे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या पहिल्या बछेऱ्याला एका नावाजलेल्या चाबूकस्वाराच्या (घोडे शिकवणाऱ्याच्या) सल्ल्याने लोखंडी खांबाला पक्के बांधून ‘लढून थकू दे’ म्हणून सोडून दिले होते. तो अर्धा तास मागे ओढत राहिला, म्होरकी तुटली, तो पाठीवर पडला, आणि त्यानंतर वर्षभर बांधलेली दोरी ताणली गेली की आंधळेपणाने मागे झेप घेई. सल्ला दुसऱ्याचा असला तरी दोरी बांधणारे हात आमचे होते. आता मी बागडोर कडीतून नुसती एक वेढा देऊन ओढते, म्हणजे जनावर मागे झाले तर ती घसरत जाते आणि त्याला अडकल्याचा अनुभव येत नाही. दोरीच्या ताणाला पुढे येऊन उत्तर देणे पूर्ण मुरल्यावरच गाठ मारते, तीही एका ओढीत सुटणारी, आणि कडीला बांधलेल्या कच्च्या सुतळीच्या फासात.

सर्वांगावर हात आणि खूर

खरारा हा स्वच्छतेइतकाच ओळखीचा भाग आहे. मान, खांदा, पाठ, मग पोट, मांड्यांच्या आतली बाजू, कान, शेपटीचे मूळ असा क्रम ठेवावा, आणि जिथे अंग आकसते तिथे हात न काढता थांबून, सैल झाल्यावर काढावा. लाथ मारणाऱ्या जनावराच्या मागच्या पायांना आधी काठीच्या टोकाला बांधलेल्या कापडाने स्पर्श करावा.

खूर उचलताना पाय वर ओढण्याऐवजी आधी त्या पायावरचे वजन दुसरीकडे जाऊ द्यावे, मग टाचेमागच्या शिरेवर हलका दाब द्यावा. पहिले काही दिवस एक सेकंद उचलून आपणच खाली ठेवावा, तो हिसकावून घेण्यापूर्वी. नालबंदाला पहिल्यांदा बोलवावे ते फक्त भेटीसाठी. त्याने पाय उचलावा, कानस एकदा फिरवावी आणि पैसे घेऊन जावे. हा खर्च वाया जात नाही.

आवाज, पतंग आणि वरघोडा

वडोदऱ्यात घोडा पाळणाऱ्याला भीतीच्या वस्तू मुद्दाम गोळा कराव्या लागत नाहीत. शहराचे पंचांगच त्या पुरवते. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते, बँड, ढोल आणि वरघोडे (नवरदेवाच्या वराती) रस्त्यावर येतात, आणि जानेवारीत संक्रांतीचे पतंग. मी हे पंचांग अभ्यासक्रमासारखे वापरले, पण अंतर माझ्या हातात ठेवून.

नियम असा: वस्तू इतक्या दूर असावी की घोडा तिच्याकडे पाहील, कान टवकारील, पण गवताचा घास चघळत राहील. चघळणे थांबले की आपण फार जवळ आलो. ढोलाचा आवाज आधी मोबाइलवर, अगदी बारीक, खाण्याच्या वेळी लावला. आठवडाभराने थोडा मोठा. मग दोन शेतांपलीकडून वरात जात असताना शेवंतीला म्हाताऱ्या घोडीच्या शेजारी उभे केले. प्लास्टिकची पिशवी काठीला बांधून आधी आपण तिच्यापासून दूर घेऊन जावे, आणि घोड्याला मागून येऊ द्यावे. जी वस्तू पळते आहे तिची भीती घोड्याला कमी वाटते. तिने स्वतःहून पिशवीला नाक लावले की पिशवी थांबवावी. मग मानेवर, खांद्यावर. ‘एकदाच अंगावर टाका, सवय होईल’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि गोठून उभे राहणारी जनावरे त्यांच्याच हातून तयार होतात.

पतंगांच्या दोन दिवशी, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला, धडा नको. गच्च्यांवरचे भोंगे आणि आकाशातून डोक्यावर कोसळणारे कागद हे कोवळ्या जनावराला पेलत नाही. खरा धोका त्यानंतरचा असतो: तुटलेला मांजा कुंपणात, बाभळीत आणि गवतात अडकून राहतो आणि पायाची कातडी कापतो. आम्ही घरचे सगळे 16 तारखेला मैदान आणि चरण्याची जागा पायी हिंडून मांजा वेचतो, गव्हाणीतल्या गवतातसुद्धा हात घालून पाहतो.

कावा आणि दोन दोऱ्या

घोड्याला दोरीवर वर्तुळात फिरवणे म्हणजे कावा देणे. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्याने’ हे उत्तर आपण सारेच लहानपणी पाठ केलेले असते, आणि कदाचित त्यामुळेच अडलेल्या घोड्याला दमेपर्यंत गरागरा फिरवण्याची आपल्याला घाई असते. दमलेला घोडा शिकलेला नसतो, आणि रोज दमवले तर त्याचा दम तेवढा वाढत जातो. शिवाय लहान वर्तुळात पायांच्या आतल्या बाजूच्या सांध्यांवर तिरका ताण पडतो, जो तीन वर्षांच्या जनावराला परवडत नाही. म्हणून वर्तुळाचा व्यास 15 मीटरपेक्षा लहान नसावा, प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटे पुरावीत, आठवड्यातून दोन-तीनदा.

काव्यात वेगापेक्षा बदल महत्त्वाचे आहेत. चाल, थांबणे, पुन्हा चाल, थोडी दुडकी, पुन्हा चाल. प्रत्येकासाठी एकच शब्द, एकाच सुरात, आणि घरातल्या सर्वांनी तोच वापरावा. आमच्याकडे थांबण्यासाठी लांबवलेला ‘होऽऽ’ आहे. आपण त्याच्या पुठ्ठ्याच्या रेषेत उभे राहिलो की तो पुढे जातो, खांद्याच्या पुढे सरकलो की हळू होतो. काठी वापरायची वेळच येऊ नये. तो बाहेरच्या कशाला तरी बुजून उधळला, तर दोरीने त्याचे तोंड आत वळवून पुठ्ठा बाजूला न्यावा, आणि थांबला की सैल सोडावे.

यानंतर म्होरकीच्या दोन्ही कड्यांना दोन लांब दोऱ्या लावून मागून, थोडे बाजूला राहून हाकण्याचा सराव करावा. दोऱ्या पायांना घासतात, म्हणून आधी त्यांचा स्पर्श पोटऱ्यांना सवयीचा करून घ्यावा. माणूस समोर नसताना पुढे चालणे, वळणे आणि थांबणे हा स्वाराबरोबरच्या आयुष्याचा पहिला अनुभव आहे. शेवंती फेब्रुवारीत अशी शेताच्या बांधावरून, पाटाच्या कडेने, ट्रॅक्टरच्या बाजूने जाऊ लागली. विश्वामित्रीच्या काठी मात्र आम्ही तिला कधी नेले नाही; त्या नदीत सुसरी नव्हे, मगरी आहेत, आणि घोड्याला पाणी पाजण्याची जागा ती नव्हे.

खोगीर, लगाम आणि पहिले वजन

आधी घडी घातलेली गोधडी पाठीवर ठेवणे आणि काढणे, दिवसातून वीस वेळा. मग सैल पट्टा पोटाखालून. तंग आवळण्याची भीती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी एकदम आवळल्याने बसते, कारण हिंस्र प्राण्याने पोटाला मिठी मारल्यासारखे ते त्याला वाटते. एक भोक आवळावे, चार पावले चालवावे, थांबावे, आणखी एक भोक. रिकिबी आधी वर बांधून ठेवाव्यात, काही दिवसांनी सोडून बरगड्यांवर आपटू द्याव्यात. पाठ वर काढून उडी मारली तर दोरी सैल ठेवून चालू द्यावे. शिक्षा करू नये आणि लगेच खोगीरही काढू नये, ती शांत झाल्यावर काढावे.

लगामाची कडी मी सर्वांत शेवटी देते, आणि पहिल्या काही स्वाऱ्या तर म्होरकीवरच करते. कडी थंडीच्या सकाळी हातात धरून ऊब द्यावी, थोडा गूळ लावावा, तोंडाच्या कोपऱ्यात अंगठा घालून जबडा उघडला की सरकवावी, दातांवर आपटू देऊ नये. पहिले आठ दिवस तिला लगाम लावायचा तो फक्त चघळण्यासाठी. दोरी जोडायची नाही.

होळीच्या सुमारास सकाळचे ऊन चढायच्या आत काम आटपावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा 42 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कोवळ्या घोड्याला पहाटे सहानंतर कामाला लावू नये. पहिल्या वजनासाठी माझी भाची निवडली, कारण तिचे वजन 48 किलो आहे आणि तिला गप्प बसता येते. चाचांनी बागडोर सैल धरली. भाची ओट्यावर उभी राहिली, शेवंती तिच्या शेजारी आपण होऊन उभी राहीपर्यंत थांबली, पाठीवर हात, मग कोपर, मग आडवे पोट टाकून निम्मे वजन, आणि तीन श्वासांनंतर खाली. हेच उजव्या बाजूने. असे चार दिवस. पाचव्या दिवशी तिने पाय पलीकडे टाकला, पण बसली मात्र वाकून, कारण एकदम उंच झालेला माणूस घोड्याला मागच्या अंगाने दिसतो आणि तो बुजतो.

शेवंतीने मान वळवून तिच्या बुटाचा वास घेतला, एक मागचा पाय ढिला केला आणि उभी राहिली. भाचीने तिच्या आयाळीच्या मुळाशी खाजवले, उतरली, आणि आम्ही खोगीर काढून तिला गवताकडे सोडले. चालवायला आम्ही आणखी आठवडा घेतला.